नियम क्रमांक चौदा

ब्रॅनर कॉलेजात नाच नव्हता. नाच नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. उत्तरेतल्या एका चर्चने जॉर्जियातल्या काळ्या मुलामुलींसाठी हे कॉलेज काढलं होतं. ज्यांच्या आजोबांना विकत घेताना दात आणि पाय तपासले जात, त्यांच्या नातवंडांचे पाय आता त्यांच्याच आत्म्याच्या हितासाठी तपासले जात होते, आणि या प्रगतीचा उल्लेख वार्षिक अहवालात न चुकता येत असे.

तरुण मुलं आणि तरुण मुली चार वर्षं एका आवारात ठेवली की त्यांना अधूनमधून एकमेकांशी बोलू द्यावं लागतं, एवढं व्यवहारज्ञान मात्र अध्यक्ष डॉ. एफ्रेम स्टॉडर्ड यांच्यापाशी होतं. म्हणून १९१३ साली त्यांनी 'फेरी' सुरू केली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच ते सात, व्यायामशाळेत. मुलाने कोपर वाकवायचं, मुलीने त्यावर हातमोज्यातली बोटं टेकवायची, आणि पियानोच्या ठेक्यावर दोघांनी भिंतीच्या कडेकडेने गोल चालायचं. दर दहा मिनिटांनी घंटा, की जोडीदार बदलायचा. प्रत्येक मुलीच्या मनगटाला रेशमी दोऱ्याने एक कार्ड आणि एक बोटभर पेन्सिल. गोऱ्यांच्या विद्यापीठांत अशाच कार्डावर नाचाचे जोडीदार लिहून घेत, इथे चालण्याचे. शेवटी मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन मिस ॲल्माइरा कॉब सगळी कार्डं गोळा करीत आणि एकाच मुलाचं नाव एका कार्डावर दोनदा आलं तर त्या मुलीच्या आईला पत्र जाई.

मुलं या प्रकाराला 'गुऱ्हाळ' म्हणत. ऊस पिळायच्या चरकाभोवती डोळ्यांना झापडं लावलेलं खेचर कसं फिरतं, हे त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या अंगणात पाहिलेलं होतं.

पियानोवर बसत मिस झेनोबिया हाइटावर. लॅटिनच्या प्राध्यापिका, वय अडतीस, पाठ सरळ, शिक्षकवर्गातल्या दोन काळ्या माणसांपैकी एक. अकरा वर्षं त्याच वाजवत होत्या, कारण वाजवताना त्यांचे खांदे हलत नसत. हे डॉ. स्टॉडर्डनी त्यांना नेमणूक देतानाच सांगितलं होतं, प्रशंसा म्हणून. बाईंनीही ते तसंच घेतलं होतं. उपहास पचवायचा तर तो आधी ओळखलाच नाही असं दाखवावं लागतं, हे त्या ओहायोतल्या आपल्या कॉलेजात शिकून आल्या होत्या. तिथे वर्षाअखेरचा मोठा नाच असे, वाद्यवृंद, पांढरे हातमोजे, फुलं. चार वर्षं त्यांना आमंत्रण मिळालं, कारण तत्त्वतः तिथे भेदभाव नव्हता. चार वर्षं त्यांचं कार्ड कोरं राहिलं. तिसऱ्या वर्षी मुलींच्या समितीने अतिशय सौजन्याने त्यांना पाहुण्यांचे कोट सांभाळायचं काम सुचवलं, म्हणजे त्यांना नुसतं बसून राहावं लागणार नाही.

फेरीचे सत्तावीस नियम होते. त्यांतला चौदावा डॉ. स्टॉडर्डनी स्वतः लिहिला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मुलं फेरीत मधेच थांबून, घोळका करून, बोलत उभी राहत. त्यावरचा तो उपाय होता. 'पियानो वाजत असेतो कोणाचेही पाय थांबता कामा नयेत, आणि प्रत्येकाचं पाऊल वाद्याच्या ठेक्यातच पडलं पाहिजे.'

१९२४ च्या एप्रिलमधल्या त्या शनिवारी शेवटची घंटा झाली आणि बाईंनी नेहमीप्रमाणे समारोपाचं स्तोत्र सुरू केलं. त्या स्तोत्रावर जोड्या एक शेवटची फेरी घालत, आणि मुली पूर्वेच्या दाराने व मुलं पश्चिमेच्या दाराने बाहेर पडत. इतर वेळी कवायतीच्या चार मात्रांची चाल वाजे, पण हे स्तोत्र तीनच्या, म्हणजे वॉल्ट्झ या जोडीनाचाच्या, ठेक्यात होतं. स्तोत्राला तीन कडवी. गेली अकरा वर्षं त्या तीनच्या ठेक्यावर चारशे पावलं अवघडून, अडखळत, डुलण्याची भीती बाळगत दाराकडे सरकत आली होती.

दुसऱ्या कडव्यात बाईंनी मान वर केली. खिडकीजवळ, मोकळ्या कोपऱ्यात, ओडेसा मिम्स आणि ल्युशियस पेटिग्रू चालत नव्हते. ओडेसाचे वडील नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या विद्यापीठात, दरवर्षीच्या मोठ्या नाचाला, क्लॅरिनेट वाजवत. लहानपणी वडिलांच्या खुर्चीमागे पेटीवर बसून तिने चौदा वर्षांचे नाच पाहिले होते. जे तिला नाचायला मनाई होती ते सगळं तिला पाठ होतं. ल्युशियसला काहीच पाठ नव्हतं. त्याला नॅशव्हिलच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळालेला होता आणि तो पायाकडे बघत, ओठांत मोजत, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, तिच्यामागे वळत होता. मग त्याने मोजणं सोडलं. ओडेसाचा झगा एकदा पूर्ण गोल उघडला आणि मिटला.

बाईंना थांबता आलं असतं. तिसरं कडवं संपलं. त्यांनी पानही न उलटता पुन्हा पहिलं कडवं सुरू केलं. मग दुसरं. मग तिसरं. मग आणखी एकदा पहिलं. सात कडवी झाली, आणि तेव्हा मिस कॉबची किंकाळी ऐकू आली.

रविवारी दुपारी प्रार्थनेनंतर बाईंनी दोघांनाही लॅटिनच्या वर्गात बोलावलं.

"उद्या तीन वाजता अध्यक्षांच्या दिवाणखान्यात समिती बसणार आहे," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष, मिस कॉब आणि रेव्हरंड टटल. मी कामकाज लिहून घ्यायला असते, मत द्यायला नाही. नाच ठरला तर दोघांचीही हकालपट्टी."

"पदवीला पाच आठवडे राहिलेत, बाई," ल्युशियस म्हणाला. "माझ्या आईने टोपी घेऊन ठेवलीय. पिसाची. ती गावभर दाखवत फिरतेय."

"म्हणजे आता तुझ्या आईची टोपी मी वाचवायची तर," ओडेसा म्हणाली.

"तू गप गं. तूच म्हणालीस, ये, काही नाही होत."

"मी म्हणाले ये. तू आलास. उचलून नव्हतं आणलं मी."

"ऐका," बाई म्हणाल्या. "डॉ. स्टॉडर्ड काहीही तपासल्याशिवाय दोषी ठरवत नाहीत, याची त्यांना हौस आहे. ते तुम्हाला करून दाखवायला सांगतील. तिथे पियानो आहे. मी तेच स्तोत्र वाजवीन, पण ओढून चारच्या ठेक्यात बसवून. तुम्ही चाला. नुसतं चाला. मिस कॉबना दिसलं ते लांबून दिसलं, संध्याकाळचा उजेड, खिडकी. संपलं."

"चालेल," ल्युशियस लगेच म्हणाला.

ओडेसा फळ्यावरच्या क्रियापदांकडे बघत होती. "म्हणजे आम्ही सांगायचं की आम्हाला धड चालता येत नाही."

"म्हणजे तू पदवी घ्यायची," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सात कडवी का वाजवलीत, बाई?"

बाईंनी फळा पुसला.

सोमवारी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात गालिचा गुंडाळून भिंतीला लावलेला होता. डॉ. स्टॉडर्ड मध्ये बसले होते; उंच, पांढरे, सौजन्याने वाकलेले, कोणाचंही वाईट न चिंतणारे. अशी माणसं जगातल्या पुष्कळ वाइटाच्या मुळाशी सापडतात आणि त्यांच्या नावाने सभागृहं बांधली जातात.

"प्रश्न असा आहे," ते म्हणाले, "की नाच म्हणजे नेमकं काय. मी स्वतः कधी पाहिलेला नाही."

"मीही नाही," मिस कॉब घाईने म्हणाल्या.

"ईश्वरकृपेने मीही," रेव्हरंड टटल म्हणाले.

समितीसमोर असा पेच होता. नाच ओळखायचा तर तो माहीत हवा, आणि माहीत असल्याचं कबूल करायचं तर आधी स्वतःवरच आरोप ठेवावा लागत होता. बाई कोपऱ्यातल्या मेजावर हे शब्द न शब्द लिहून घेत होत्या.

"मिस कॉब, तुम्ही काय पाहिलंत?"

"त्याचा हात तिच्या पाठीवर होता. इथे." मिस कॉबनी हात मागे नेला, आणि कुठे हे आपल्याला इतकं अचूक कसं ठाऊक, हे जाणवून तो चटकन मांडीवर ठेवला. "आणि ती दोघं गरगरत होती. स्तोत्रावर, डॉक्टर! प्रभूच्या स्तोत्रावर!"

"जुन्या करारात दावीद राजाही प्रभूपुढे नाचला होता," रेव्हरंड विचारात म्हणाले.

"त्याची बायको त्याच्यावर संतापली होती," मिस कॉब म्हणाल्या.

"हो, पण शिक्षा बायकोला झाली," रेव्हरंड म्हणाले, आणि अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"करून दाखवू द्या," डॉ. स्टॉडर्ड म्हणाले. "मिस हाइटावर, कृपा करून पियानोवर."

ल्युशियसने कोपर वाकवलं. ओडेसाने बोटं टेकवली. बाईंनी स्तोत्र सुरू केलं, चारच्या ठेक्यात. सुरांना ओढून, ताणून, जिथे श्वास नव्हता तिथे श्वास घालून. अकरा वर्षांत त्यांनी कधी इतकं वाईट वाजवलं नव्हतं. दोघं चालू लागली. गुंडाळलेल्या गालिच्याजवळून, घड्याळासमोरून, संस्थापकांच्या तसबिरीखालून. डॉ. स्टॉडर्डचा चेहरा सैलावत गेला. हे त्यांना ओळखू येत होतं. हे त्यांचंच होतं.

"पण यात तर काहीच—" ते म्हणू लागले.

ओडेसा थांबली. तिने बोटं काढून घेतली. ल्युशियस दोन पावलं पुढे गेला, वाकवलेलं कोपर तसंच.

"चल ना," तो पुटपुटला. "ओडेसा, चल गं बाई, पाया पडतो तुझ्या."

"हे नव्हतं, साहेब," ओडेसा अध्यक्षांना म्हणाली. "शनिवारी हे नव्हतं. शनिवारी मी नाचले. वॉल्ट्झ. ल्युशियस चालतच होता, त्याला काही येत नाही. मी एकटी नाचले त्याच्याभोवती."

"एकटीने वॉल्ट्झ होत नाही, मुली," रेव्हरंड टटल म्हणाले. "त्याला पुरुषाचं पाऊल आधी मागे—"

ते थांबले. रेव्हरंड टटल हळूहळू, कानांपासून सुरुवात करून, लाल झाले.

मिस कॉबनी त्यांना वाचवलं. "डॉक्टर, मला काहीतरी खटकतंय. शनिवारी चाल अशी नव्हती. मिस हाइटावर, तुम्ही शनिवारी काय वाजवलंत?"

सगळे वळले. बाईंनी आपले हात पियानोच्या पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. ल्युशियस त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आईच्या टोपीतलं एकूण एक पीस दिसत होतं. ओडेसा बघत नव्हती. तिला एका क्षणात काढून टाकणार होते, आणि ती ताठ उभी होती; तिच्या वयाला, कार्ड कोरं घेऊन, बाई तशा उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी कोट सांभाळले होते.

"हेच स्तोत्र," बाई म्हणाल्या. "तीनच्या ठेक्यात, जसं छापलंय तसं. आत्ता मी खोटं वाजवलं."

"खोटं?" डॉ. स्टॉडर्डनी विचारलं.

"खोटं, डॉक्टर. आणि शनिवारी तीन कडव्यांच्या जागी सात वाजवली. मला दुसऱ्या कडव्यातच ही दोघं दिसली होती. मी थांबले नाही."

"का?"

"थांबायचं नव्हतं म्हणून."

मिस कॉबनी छातीवर हात ठेवला. डॉ. स्टॉडर्डनी चष्मा काढला, पुसला, घातला. बाईंनी मेजावरची पुस्तिका उचलली आणि पान न उघडता तोंडपाठ म्हणून दाखवलं.

"नियम क्रमांक चौदा, डॉक्टर. पियानो वाजत असेतो कोणाचेही पाय थांबता कामा नयेत, आणि प्रत्येकाचं पाऊल वाद्याच्या ठेक्यातच पडलं पाहिजे. पियानो वाजत होता. ठेका तीनचा होता. तीनच्या ठेक्यात पावलं टाकायची, थांबायचं नाही, आणि समोर दाराशी गर्दी. माणूस गोल फिरणार नाही तर काय करणार? या दोघांनी नाच केला नाही. तुमची आज्ञा पाळली. बाकीचे दोनशेजण अडखळत गेले; नियम मोडला असेल तर त्यांनी."

"बाई!" ओडेसा ओरडली. "नाही!"

"तू गप्प राहा," बाई म्हणाल्या. हे त्यांनी वर्गात कधी कोणालाही म्हटलं नव्हतं.

डॉ. स्टॉडर्ड बराच वेळ पुस्तिका वाचत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणी लिहिली होती. पाच आठवड्यांनी बोस्टनहून विश्वस्त येणार होते. चौथ्या वर्षाची दोन मुलं स्तोत्रावर नाचली म्हणून काढली, हे बोस्टनमध्ये समजावून सांगणं कठीण गेलं असतं. अतिश्रमाने प्रकृती बिघडलेली एक शिक्षिका समजावून सांगायला फार सोपी होती. शिवाय नियम त्यांचा स्वतःचा होता, आणि आपल्या नियमाच्या विरोधात जाणं त्यांच्या सदसद्विवेकाला कधीच मानवलं नसतं.

"मुलांनी आज्ञा पाळली असं मी नोंदवतो," ते म्हणाले. "मिस हाइटावर, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

"लिहून घेऊ का, डॉक्टर?" बाईंनी विचारलं, आणि टाक उचलून लिहून घेतलं.

मंगळवारी त्यांनी सामान आवरलं. ल्युशियस आला, दारात उभा राहिला, रडला, आणि त्याच्या आईने पाठवलेला रताळ्याचा केक ठेवून गेला. संध्याकाळी ओडेसा आली. तिने दार लावलं.

"मी आभार मानायला नाही आले."

"बरं."

"माझे बाबा विचारतील, पोरी, तिथे काय केलंस? मी काय सांगू? आज्ञा पाळली?"

"पदवी मिळाली म्हणून सांग."

"ती मी घेणारच आहे, सोडत नाही मी ती." ओडेसा पेटीच्या कडेवर बसली. "बाई, चार वर्षांत मी इथे एकच गोष्ट अशी केली जी मला कोणी करायला सांगितली नव्हती. एकच. मी ती काल त्यांच्या तोंडावर सांगितली. आणि तुम्ही ती घेतलीत आणि पुस्तिकेत घातलीत. आता ती त्यांची झाली. मी नाचले नाही म्हणे. मी चांगली चालले!"

"तुला काढून टाकलं असतं."

"मला माहीत होतं की. मी उभी होते ना तिथे."

बाईंनी एका मुलीला वाचवलं होतं, तिला न विचारता. ब्रॅनर कॉलेजात सगळे हेच करत.

"पेटीचं दुसरं टोक धरू का?" ओडेसाने विचारलं. दोघींनी मिळून पेटी जिन्यावरून खाली नेली.

चार वर्षांनी, १९२८ साली, ब्रॅनर कॉलेजात पहिला अधिकृत नाच झाला. विद्यार्थ्यांनी तीन वर्षं अर्ज केले होते आणि एक हिवाळा वर्गावर बहिष्कार टाकला होता. कॉलेजच्या इतिहासात त्या ठिकाणी 'अध्यक्ष स्टॉडर्ड यांच्या दूरदृष्टीने' एवढे शब्द आहेत. व्यायामशाळेत क्रेपचे कागद लावले. ओडेसाचे वडील क्लॅरिनेट वाजवायला आले आणि नाचाच्या जागी पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत गेले. डॉ. ल्युशियस पेटिग्रू आणि त्यांची पत्नी सुरुवातीच्या जोडीत होती. ओडेसाला माजी विद्यार्थिनी म्हणून आमंत्रण गेलं. ती मेकनमध्ये शाळेत शिकवत होती आणि गेली नाही. मिस हाइटावर यांना आमंत्रण गेलं नाही. सिनसिनाटीत त्या मुलांच्या शिकवण्या घेत, आणि त्यांनी ती बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचली.

तीनदा वाचली. मग त्यांनी कागद घेतला, जसा साक्षीदार घेतो तसा, वर तारीख घातली, खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि मधे लिहिलं:

'१२ एप्रिल १९२४ रोजी ब्रॅनर कॉलेजच्या व्यायामशाळेत ओडेसा मिम्स नाचली. तिला कोणीही सांगितलं नव्हतं. मी तिथे होते, मी पाहिलं, आणि यापूर्वी मी याविषयी जे सांगितलं ते खोटं होतं.'

पाकीट त्यांनी मेकनला पाठवलं. एक प्रत ब्रॅनर कॉलेजच्या अध्यक्षांना पाठवली, नोंदणीकृत टपालाने, म्हणजे घेताना त्यांना सही करावी लागेल.